विश्लेषण : गाठ लहान झाली, पण आजार गेला का? लिम्फोमात सीटी, पेट-सीटी आणि एमआरआय यांपैकी कोणता स्कॅन कधी?

लिम्फोमाच्या रुग्णाला उपचारांच्या काळात अनेकदा स्कॅन करावे लागतात. सोनोग्राफी, सीटी, पेट-सीटी, एमआरआय अशी नावे एकामागून एक कागदावर येतात आणि खर्चाचा आकडा वाढत जातो. 'सीटी नुकताच झाला, मग आता पेट कशाला?' हा प्रश्न जवळपास प्रत्येक कुटुंबात विचारला जातो. या दोन तपासण्या शरीरातील एकच गोष्ट पाहत नाहीत, हे त्याचे थोडक्यात उत्तर. सीटी गाठीचा आकार मोजतो, तर पेट त्या गाठीतील पेशी किती सक्रिय आहेत याचा अंदाज देतो. केमोथेरपी वाढवायची, कमी करायची की थांबवायची, याचा निर्णय अनेकदा या फरकावर ठरतो.

लिम्फोमा म्हणजे नेमके काय?

रोगप्रतिकारशक्तीचा भाग असलेल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग म्हणजे लिम्फोमा. या पेशी लसिका ग्रंथींमध्ये, प्लीहेत आणि अस्थिमज्जेत असतात. मान, काख, जांघ, छातीचा मध्यभाग आणि पोट अशा ठिकाणी लसिका ग्रंथींचे पुंजके असतात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ती हीच ग्रंथी. संसर्गामुळे सुजलेली ग्रंथी बहुधा दुखते आणि काही दिवसांत ओसरते. लिम्फोमाची गाठ मात्र सहसा दुखत नाही आणि आठवडे उलटले तरी जात नाही. सोबत ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम आणि सहा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक वजन घटणे ही लक्षणे असू शकतात.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील डॉक्टर थॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये या आजाराचे वर्णन केले. त्यांच्या नावावरून 'हॉजकिन' आणि 'नॉन-हॉजकिन' असे दोन मुख्य गट पडले. नॉन-हॉजकिनचे अनेक उपप्रकार आहेत. काही झपाट्याने वाढतात, तर काही वर्षानुवर्षे संथ राहतात. कोणता स्कॅन उपयोगी पडेल, हे बऱ्याच अंशी या उपप्रकारावर अवलंबून असते.

स्कॅनवरून लिम्फोमाचे निदान होते का?

नाही. कोणताही स्कॅन 'हा लिम्फोमाच आहे' असे ठामपणे सांगू शकत नाही. त्यासाठी गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो आणि पेशींवरील प्रथिनांच्या चाचण्या कराव्या लागतात. सुईने थोड्या पेशी काढण्याची तपासणी, म्हणजे एफएनएसी, अनेकदा पुरेशी ठरत नाही. ग्रंथीची एकूण रचना पाहणे गरजेचे असल्याने शक्य तेथे पूर्ण गाठ काढून बायोप्सी करण्यास प्राधान्य दिले जाते.

भारतात हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे, कारण जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. मानेतील गाठ, ताप, रात्रीचा घाम आणि घटलेले वजन ही लक्षणे क्षयरोगातही तशीच दिसतात. बायोप्सी न करता टीबीची औषधे सुरू केली आणि आजार लिम्फोमा निघाला, तर मोलाचे महिने वाया जातात. उलटही घडू शकते. बायोप्सीआधी स्टिरॉइड दिल्यासही घोळ होतो. स्टिरॉइडमुळे लिम्फोमाची गाठ तात्पुरती विरघळते आणि तुकड्यात आजार सापडत नाही. म्हणून आधी बायोप्सी आणि मग उपचार हा क्रम पाळला जातो. बायोप्सी कोणत्या गाठीची करायची, हे ठरवायला मात्र स्कॅन मदत करतो. पेटमध्ये सर्वाधिक सक्रिय दिसणारी गाठ निवडली, तर आजाराचे खरे रूप हाती लागण्याची शक्यता वाढते.

मग स्कॅन कशासाठी करतात?

मुख्यतः तीन प्रसंगी. पहिला, उपचारांआधी आजार कुठवर पसरला आहे हे पाहण्यासाठी. दुसरा, उपचार सुरू असताना औषध लागू पडते आहे का हे तपासण्यासाठी. तिसरा, उपचार संपल्यावर आजार उरला आहे का हे ठरवण्यासाठी.

पसरण्याचे टप्पे १९७१ मधील 'अ‍ॅन आर्बर' वर्गीकरणावर आधारित आहेत. एकाच भागातील ग्रंथींत आजार असेल तर पहिला टप्पा. छाती आणि पोट यांच्यामधील पडद्याच्या एकाच बाजूला दोन किंवा अधिक भागांत असेल तर दुसरा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना असेल तर तिसरा. यकृत, फुप्फुस, अस्थिमज्जा अशा अवयवांत पसरला असेल तर चौथा. 'चौथा टप्पा' हे शब्द ऐकून कुटुंब खचते. पण इतर अनेक कर्करोगांतील चौथा टप्पा आणि लिम्फोमातील चौथा टप्पा यांत मोठा फरक आहे. हॉजकिन लिम्फोमाचे चौथ्या टप्प्यातील अनेक रुग्णही पूर्ण बरे होतात.

सीटी येण्यापूर्वी हे टप्पे ठरवणे जिकिरीचे होते. पायाच्या लसिकावाहिन्यांत रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढले जात. अनेक हॉजकिन रुग्णांचे तर पोट उघडून प्लीहा काढली जाई आणि यकृताचे तुकडे तपासले जात. ही शस्त्रक्रिया उपचार म्हणून नव्हे, तर केवळ आजार कुठवर आहे हे पाहण्यासाठी होती. स्कॅनमुळे ती इतिहासजमा झाली.

सीटी स्कॅन काय पाहतो आणि काय पाहत नाही?

सीटीमध्ये एक्स-रे शरीराभोवती फिरवून संगणक आडव्या कापांची चित्रे तयार करतो. लंडनमध्ये १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचा सीटी झाला. या तंत्रासाठी गॉडफ्रे हौन्सफिल्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल मिळाले. आज छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी काही सेकंदांत होतो. शिरेतून कॉन्ट्रास्ट दिल्यास ग्रंथी आणि रक्तवाहिन्या वेगळ्या ओळखता येतात. गाठ श्वासनलिकेवर किंवा मूत्रवाहिनीवर दाब देते आहे का, रक्तवाहिनीत गुठळी आहे का, हे सीटीत चांगले कळते.

सीटीचा निकष मात्र आकाराचा आहे. लांब बाजूने १.५ सेंटिमीटरपेक्षा मोठी लसिका ग्रंथी साधारणपणे संशयास्पद मानली जाते. अडचण इथेच आहे. एक सेंटिमीटरच्या ग्रंथीतही लिम्फोमा असू शकतो आणि दोन सेंटिमीटरची ग्रंथी केवळ जुन्या संसर्गामुळे वाढलेली असू शकते. प्लीहा किंवा अस्थिमज्जेत विखुरलेला आजार सीटीत अनेकदा दिसतच नाही. उपचारांनंतर तर ही मर्यादा अधिक ठळक होते.

पेट-सीटीमध्ये वेगळे काय आहे?

पेट म्हणजे पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी. कर्करोगाच्या बऱ्याच पेशी सामान्य पेशींपेक्षा जास्त ग्लुकोज वापरतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात हे दाखवले होते. पेट स्कॅन याच भुकेचा वापर करतो. ग्लुकोजच्या रेणूला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडून एफडीजी नावाचे द्रव्य तयार करतात आणि ते शिरेतून देतात. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पण ते पूर्ण पचवू शकत नाही. त्यामुळे एफडीजी पेशीतच अडकून राहते. सुमारे तासाभराने, जिथे ते जास्त साठले आहे तिथून निघणारे किरण यंत्र टिपते. पडद्यावर ती जागा उजळ दिसते.

नुसत्या पेटच्या चित्रात उजळ ठिपका दिसतो; पण तो कोणत्या ग्रंथीत आहे, हे नेमके कळत नाही. डेव्हिड टाउनसेंड आणि रोनाल्ड नट यांनी एकाच यंत्रात पेट आणि सीटी जोडले. त्याचा पहिला नमुना अमेरिकेतील पिट्सबर्गमध्ये १९९८ मध्ये वापरात आला. आता एकाच टेबलावर पाठोपाठ दोन्ही स्कॅन होतात आणि चित्रे एकमेकांवर बसवली जातात.

केवळ सीटीवर टप्पा ठरवण्याऐवजी पेट-सीटी केल्यास सुमारे १० ते ३० टक्के रुग्णांमध्ये टप्पा बदलतो आणि तो बहुधा वरचा निघतो. यातील सर्वांचे उपचार बदलतात असे नाही. पण पहिल्या टप्प्याचा समजून केवळ एका भागाला रेडिएशन दिले जाणार होते आणि प्रत्यक्षात आजार पोटातही निघाला, अशा रुग्णासाठी हा फरक निर्णायक असतो. आणखी एक फायदा रुग्णाला थेट जाणवणारा आहे. पेट-सीटी केलेल्या हॉजकिन रुग्णांना टप्पा ठरवण्यासाठी आता सहसा कमरेच्या हाडातून अस्थिमज्जेची वेदनादायक बायोप्सी करावी लागत नाही.

उपचारांनंतर गाठ उरली, म्हणजे आजार उरला का?

सीटी आणि पेटमधील फरक सर्वात स्पष्ट होतो तो या प्रश्नात. समजा, हॉजकिनच्या एका रुग्णाच्या छातीत आठ सेंटिमीटरची गाठ होती. सहा महिन्यांच्या केमोथेरपीनंतर ती तीन सेंटिमीटर झाली, पण नाहीशी झाली नाही. सीटीच्या अहवालात 'गाठ शिल्लक' असे येईल. पण त्या तीन सेंटिमीटरमध्ये जिवंत कर्करोग आहे की जखम भरल्यावर राहतो तसा मृत व्रण, हे सीटी सांगू शकत नाही. हॉजकिनच्या गाठीत तंतुमय ऊती भरपूर असल्याने असे अवशेष अनेकदा वर्षानुवर्षे राहतात.

ही अडचण जुन्या निकषांतही दिसते. १९९९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत अशा रुग्णांसाठी 'पूर्ण प्रतिसाद, पण अनिश्चित' अशी वेगळी श्रेणी ठेवावी लागली होती. २००७ मध्ये पेटचा समावेश झाल्यावर ती काढून टाकण्यात आली. पुढे स्वित्झर्लंडमधील लुगानो येथील चर्चेतून आलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लुगानो वर्गीकरणा'ने पेट-सीटीला औपचारिक स्थान दिले. त्यानुसार गाठ उरलेली असली, पण तिच्यात एफडीजी साठत नसेल, तर तो पूर्ण प्रतिसाद मानला जातो. म्हणजे वरील उदाहरणातील रुग्णाला, पेट स्वच्छ असल्यास, केवळ त्या अवशेषासाठी आणखी केमोथेरपी देण्याची गरज नसते. तरुण वयात अनावश्यक औषधे टळली की हृदय, फुप्फुसे आणि प्रजननक्षमतेवरील परिणामही टळतात.

अहवालातील 'डोव्हिल स्कोअर' म्हणजे काय?

पेटमधील उजळपणा मोजण्यासाठी 'एसयूव्ही' हा आकडा वापरतात. पण तो रक्तातील साखर, इंजेक्शननंतर गेलेला वेळ आणि यंत्र यांनुसार बदलतो. म्हणून एका केंद्रातील ४.२ आणि दुसऱ्या केंद्रातील ५.१ यांची सरळ तुलना करून आजार वाढला असे म्हणता येत नाही. यावर तज्ज्ञांनी साधा तोडगा काढला. रुग्णाचेच यकृत मोजपट्टी म्हणून वापरायचे. फ्रान्समधील डोव्हिल या गावी २००९ मध्ये झालेल्या बैठकीत पाच गुणांची पद्धत मांडली गेली.

गुण १ : गाठीच्या जागी वेगळा उजळपणा नाही.
गुण २ : उजळपणा आहे, पण छातीच्या मध्यभागातील रक्ताइतका किंवा त्याहून कमी.
गुण ३ : त्याहून जास्त, पण यकृताइतका किंवा त्याहून कमी.
गुण ४ : यकृतापेक्षा मध्यम प्रमाणात जास्त.
गुण ५ : यकृतापेक्षा बराच जास्त किंवा लिम्फोमाची नवी जागा.

गुण १ आणि २ म्हणजे पूर्ण प्रतिसाद. नेहमीचे पूर्ण उपचार सुरू असल्यास ३ हा गुणही सहसा चांगलाच मानतात. उपचार कमी करण्याचा विचार असेल, तर ३ कडे अधिक सावधपणे पाहिले जाते. ४ किंवा ५ गुण उपचारांच्या मध्यावर आला आणि आधीपेक्षा उजळपणा घटला असेल, तर औषध काम करते आहे असा अर्थ असू शकतो. उपचार संपल्यावर आला, तर आजार शिल्लक असल्याची शंका घेतात. अशा वेळी पुढचे जड उपचार सुरू करण्याआधी शक्य असल्यास पुन्हा बायोप्सी केली जाते.

स्कॅनवरून उपचार खरेच बदलतात का?

हॉजकिन लिम्फोमात याचा सबळ पुरावा आहे. या आजारात एबीव्हीडी ही चार औषधांची केमोथेरपी दीर्घकाळ वापरात आहे. त्यातील ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकते. सुमारे १,२०० रुग्णांच्या 'राथल' या आंतरराष्ट्रीय चाचणीत दोन आवर्तनांनंतर पेट-सीटी करण्यात आला. सुमारे ८४ टक्के रुग्णांचा स्कॅन समाधानकारक आला. त्यांतील निम्म्यांना पुढे चारही औषधे देण्यात आली आणि निम्म्यांचे ब्लिओमायसिन थांबवण्यात आले. तीन वर्षांनी आजार न वाढता राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८५.७ टक्के, तर दुसऱ्या गटात ८४.४ टक्के होते. औषध कमी करूनही परिणाम जवळपास तेवढाच राहिला आणि फुप्फुसांचा त्रास घटला. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचा स्कॅन समाधानकारक नव्हता, त्यांना अधिक तीव्र उपचार देण्यात आले.

प्रत्येक लिम्फोमात असे घडत नाही. 'डिफ्यूज लार्ज बी-सेल' हा नॉन-हॉजकिनचा सर्वाधिक आढळणारा वेगवान प्रकार आहे. जर्मनीतील 'पेटल' चाचणीत अशा वेगवान लिम्फोमात मधला पेट वाईट आलेल्या रुग्णांना तीव्र औषधे देऊन पाहिली गेली. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्याने फायदा झाला नाही. त्यामुळे या प्रकारात मधल्या स्कॅनवरून भविष्याचा अंदाज येत असला, तरी केवळ त्यावरून औषधे बदलली जात नाहीत.

पेट स्कॅन कुठे फसतो?

पेटला कर्करोग दिसत नाही, त्याला साखरेची भूक दिसते. ही भूक इतर पेशींनाही असते. क्षयरोग, बुरशीचा संसर्ग आणि सार्कॉइडोसिस यांतील ग्रंथी लिम्फोमासारख्याच उजळतात. उपचारांनी सर्व गाठी विझल्या आणि छातीत एकच नवी ग्रंथी उजळली, तर भारतात ती क्षयाची असण्याची शक्यता डॉक्टरांना लक्षात घ्यावीच लागते. तरुणांमध्ये केमोथेरपीनंतर छातीतील थायमस ग्रंथी पुन्हा वाढते आणि उजळते. पांढऱ्या पेशी वाढवण्याच्या इंजेक्शननंतर संपूर्ण अस्थिमज्जा चमकते. लस घेतल्यावर काही दिवस काखेतील ग्रंथी उजळ दिसू शकतात. इतकेच काय, स्कॅनच्या खोलीत थंडी वाजली तरी मान आणि खांद्यांतील 'तपकिरी चरबी' उष्णतेसाठी साखर जाळू लागते आणि चित्रात गाठींसारखी दिसते.

वेळही महत्त्वाची असते. केमोथेरपीनंतर किमान तीन आठवडे, शक्यतो सहा ते आठ आठवडे, आणि रेडिएशननंतर सुमारे तीन महिने थांबूनच शेवटचा पेट करावा, अशी शिफारस आहे. घाईने केलेल्या स्कॅनमध्ये उपचारांनी आलेली सूजच आजार म्हणून दिसू शकते.

उलट्या प्रकारची चूकही होते. काही संथ लिम्फोमा, उदाहरणार्थ स्मॉल लिम्फोसायटिक आणि मार्जिनल झोन प्रकारांतील अनेक, साखर फारशी वापरत नाहीत. तेथे पेट स्वच्छ दिसला तरी आजार असू शकतो आणि सीटीवरच भिस्त ठेवली जाते. मेंदू तर मुळातच भरपूर ग्लुकोज वापरतो, त्यामुळे तेथील लहान गाठ उजेडात उजेड मिसळावा तशी लपते. एफडीजी मूत्रावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंड आणि मूत्राशयाजवळचा भागही नीट वाचता येत नाही.

मग एमआरआय आणि सोनोग्राफीची गरज कधी?

मेंदू आणि मज्जारज्जूतील लिम्फोमासाठी कॉन्ट्रास्टसह एमआरआय ही पहिली पसंती आहे. एमआरआय चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरींवर चालतो, त्यात एक्स-रे किंवा किरणोत्सर्ग नसतो. म्हणून लहान मुले आणि गर्भवती यांच्यासाठी तो महत्त्वाचा ठरतो. गर्भारपणात गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट मात्र टाळले जाते.

संपूर्ण शरीराच्या 'डिफ्यूजन' एमआरआयमध्ये पाण्याचे रेणू ऊतींत किती मोकळेपणाने हलतात हे पाहिले जाते. लिम्फोमात पेशींची दाटी असते, त्यामुळे पाण्याची हालचाल अडते आणि तो भाग उठून दिसतो. टप्पा ठरवण्यात या तंत्राचे निष्कर्ष अनेक अभ्यासांत पेट-सीटीशी बरेच जुळले आहेत. पण निरोगी लसिका ग्रंथीही यात उठून दिसतात. त्यामुळे पुन्हा आकाराच्या निकषाकडे वळावे लागते. उपचारांचा प्रतिसाद मोजण्यात त्याला पेटइतके सर्वमान्य स्थान अद्याप नाही. स्कॅनला वेळही बराच लागतो. बंद नळीत पडून राहणे काहींना जमत नाही. काही जुन्या पेसमेकरच्या रुग्णांना तो करता येत नाही.

सोनोग्राफी या सर्वांत स्वस्त आणि तालुक्याच्या ठिकाणीही मिळणारी तपासणी. मान, काख आणि जांघेतील ग्रंथींचा पोत तिच्यात चांगला दिसतो आणि बायोप्सीची सुई नेमकी नेता येते. मात्र हवा आणि हाडांपलीकडे ती पाहू शकत नाही. त्यामुळे छातीच्या मध्यभागातील गाठींसाठी ती अपुरी पडते. पहिली शंका आल्यावर ती उपयोगी असते, टप्पा ठरवण्यासाठी पुरेशी नसते.

किरणोत्सर्गाची भीती किती खरी?

किरणोत्सर्गाची मात्रा मिलिसीव्हर्टमध्ये मोजतात. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. छातीच्या एका एक्स-रेतून साधारण ०.१ मिळतो. छाती, पोट आणि ओटीपोटाच्या सीटीतून साधारण १० ते २० मिळतात. पेटमधील एफडीजीचे साधारण ५ ते ७ असतात. त्यात सीटीचा वाटा मिळवावा लागतो. सोबतचा सीटी कमी मात्रेचा असेल तर बेरीज आटोक्यात राहते, पूर्ण मात्रेचा असेल तर ती २० च्या पुढे जाऊ शकते.

उपचार ठरवण्यासाठी लागणाऱ्या दोन-तीन स्कॅनचा फायदा या जोखमीपेक्षा निश्चितच मोठा आहे. एकाच आठवड्यात वेगळा सीटी आणि वेगळा पेट-सीटी होत असेल, तर मात्र दोन्हींची गरज आहे का, हे विचारणे रास्त आहे. मुलांच्या आणि तरुणांच्या बाबतीत तर ते विचारलेच पाहिजे.

महाराष्ट्रात ही सुविधा कशी आली?

भारतात पेटची सुरुवात मुंबईत झाली. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन कार्यान्वित झाला. शेजारच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २००४ मध्ये पेट-सीटी यंत्र आले. आता पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांतही ही तपासणी होते.

ती सर्वदूर का नाही, याचे एक कारण भौतिकशास्त्रात आहे. एफडीजीतील फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे आहे. सायक्लोट्रॉनमधून निघालेले द्रव्य पावणेचार तासांच्या रस्त्यात पाव हिश्श्यावर येते. त्यामुळे ते पहाटे तयार करून तातडीने गाडीने किंवा विमानाने पाठवावे लागते. वाटेत उशीर झाला किंवा रुग्ण वेळेवर आला नाही, तर ती मात्रा वाया जाते. पेट-सीटी सीटीपेक्षा बराच महाग असण्यामागे यंत्राच्या किमतीबरोबर हेही कारण आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णाला त्यात प्रवास, मुक्काम आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोजगारही धरावा लागतो. पेट परवडत नसेल, तर कॉन्ट्रास्टसह सीटी आणि गरजेनुसार अस्थिमज्जेची बायोप्सी करून उपचार सुरू करता येतात. पेटची वाट पाहत वेगवान लिम्फोमाचे उपचार आठवडेच्या आठवडे लांबवणे अधिक धोक्याचे आहे. पैसे एकाच पेटपुरते असतील, तर तो कधी करायचा, याची चर्चा उपचार सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी करणे हिताचे.

स्कॅनच्या आधी काय काळजी घ्यावी?

पेटपूर्वी साधारण सहा तास काही खायचे नसते, साधे पाणी चालते. आदल्या दिवशी जड व्यायाम टाळावा, कारण दमलेले स्नायूही साखर ओढतात. मधुमेहींनी केंद्राला आधीच कळवावे. रक्तातील साखर २०० मिलिग्रॅमच्या वर असल्यास स्कॅन अनेकदा पुढे ढकलला जातो. मेटफॉर्मिनमुळे आतडी उजळतात, म्हणून ते काही काळ थांबवायचे का, हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःहून औषध बंद करू नये. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहावे, अंगावर पांघरूण घ्यावे. स्कॅननंतर काही तास तान्ही बाळे आणि गर्भवती यांच्यापासून अंतर ठेवावे. जुन्या स्कॅनच्या सीडी आणि अहवाल सोबत न्यावेत. आधीच्या चित्राशी तुलना केल्याशिवाय नव्या चित्राचा अर्थ अपुरा राहतो. शक्य असल्यास सर्व पेट एकाच केंद्रात करावेत.

बरे झाल्यावर दरवर्षी स्कॅन करावा का?

स्कॅन स्वच्छ आला की पुढे दर सहा महिन्यांनी तो करून घ्यावा, असे अनेक कुटुंबांना वाटते. लुगानो शिफारशी मात्र लक्षणे नसताना नियमित स्कॅन करण्याला प्रोत्साहन देत नाहीत. अमेरिकन सोसायटी ऑफ हेमॅटॉलॉजीनेही २०१३ मध्ये वेगवान लिम्फोमातून बरे झालेल्या आणि लक्षणे नसलेल्या रुग्णांचे सीटी मर्यादित ठेवण्याचा सल्ला दिला होता. उलटलेला आजार बहुतेक वेळा रुग्णाला जाणवलेल्या गाठीतून, तापातून किंवा डॉक्टरांच्या तपासणीतून लक्षात येतो. विनाकारण केलेल्या पेटमध्ये एखादी साधी सूज उजळली की बायोप्सी, खर्च आणि आठवड्यांची धास्ती मागे लागते.

नव्या उपचारांनी स्कॅन वाचण्याचे कामही बदलते आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या 'नेक्सकार१९' या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. कार-टी उपचारांनंतर साधारण महिन्याभराने पेट करून प्रतिसाद पाहिला जातो. अशा उपचारांत रोगप्रतिकारक पेशी गाठीवर हल्ला करताना तेथे सूज येते आणि आजार वाढल्याचा भास होऊ शकतो. त्यामुळे एकाच चित्रावरून निष्कर्ष न काढता रुग्णाची प्रकृती, रक्ताच्या चाचण्या आणि गरज पडल्यास बायोप्सी यांची सांगड घालावी लागते. हातात अहवाल आल्यावर रुग्णाने डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. लिम्फोमाचा उपप्रकार कोणता? या स्कॅनचा डोव्हिल गुण किती? आणि या निकालाने उपचारांत काय बदलणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'काहीच नाही' असे असेल, तर तो स्कॅन आत्ता करायचा का, याचा पुन्हा विचार करता येतो.